मदत हवी आहे: आईच्या मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांचं ऑपरेशन, आधी काय काय विचारून घ्यावं?

कृष्णाकाठ

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आई ६३ वर्षांची, आम्ही सांगली जिल्ह्यातले. तिला ऱ्हुमॅटॉइड आमवात आहे, १७ वर्षं झाली. बोटं वाकडी झाल्यामुळे हातातून काही निसटलं की आम्ही ते सांध्यांच्या खात्यावर टाकायचो. दिवाळीच्या सुमारास तिला ब्लाउजचे हुक लावता येईनात. दुखतंय म्हणून नाही. "हुक बोटाला लागतोय का, तेच कळत नाही गं," म्हणाली. मग चालताना तोल जायला लागला. मान पुढे वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं म्हणते.

त्याआधी वर्षभर मान आणि डोक्याची मागची बाजू दुखायची. तेव्हा एका ठिकाणी स्पॉन्डिलायटिस म्हणून शेक दिला, मानेला वजन लावून ओढ दिली. वाकवून एक्स-रे कुणी काढलाच नाही. आता कळतंय की ती ओढ तिच्यासाठी धोक्याची होती. आम्हीच तिला रिक्षात घालून तिथे नेत होतो, हे मनातून जात नाही.

नव्या डॉक्टरांनी मान सरळ ठेवून आणि वाकवून असे दोन एक्स-रे काढले. पहिला मणका आणि दुसऱ्या मणक्याचं वर आलेलं दातासारखं हाड, यांच्यातलं अंतर सरळ असताना २ मिमी, वाकवल्यावर ८. मोठ्या माणसात ३ मिमीपर्यंत ठीक मानतात म्हणे. एमआरआयमध्ये मज्जारज्जू दाबला गेलेला दिसतोय. पुण्याच्या सर्जननी पहिला-दुसरा मणका स्क्रूने जोडायला सांगितलंय. पुढच्या गुरुवारी भेट आहे. त्यांच्यासमोर बसले की मला काही सुचत नाही, सगळं ऐकून नुसती मान डोलावून येते. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, काय विचारू? आणि आईचे हात पुन्हा पहिल्यासारखे होतील का?

डोंगरवाट

गुरुवारपर्यंत तिला मानेचा कडक पट्टा लावायचा का, ते आजच फोन करून विचारा. मालिश, मान मोडून घेणं, योगासनं सगळं बंद. पुण्याला जाताना गाडी सावकाश न्या, खड्ड्यांत मान हिसकू देऊ नका. हातापायातली ताकद अचानक कमी झाली, लघवी अडली किंवा श्वासाला त्रास झाला, तर गुरुवारची वाट बघू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलला जा.

पळस

ताई, माझं हेच ऑपरेशन ४१व्या वर्षी झालं. कारण वेगळं होतं. ते दातासारखं हाड माझ्यात जन्मापासूनच नीट जुळलेलं नव्हतं. माझा अनुभव सांगतो, तुमच्या आईचं मात्र त्यांचे डॉक्टरच ठरवतील.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण मी तो विचारला नव्हता आणि नंतर फार निराश झालो. ऑपरेशन मुख्यतः पुढचं नुकसान थांबवण्यासाठी असतं. गेलेलं किती परत येईल हे मज्जारज्जू किती दिवस दाबला गेला होता, त्यावर असतं. माझी चाल सुधारली, उजव्या हाताची दोन बोटं अजून जाड वाटतात. सर्जनना सरळ विचारा, "यातून काय थांबेल आणि काय परत यायची शक्यता आहे?" आणि हे उत्तर आईसमोर घ्या. तिला "सगळं बरं होणार" असं सांगून नेऊ नका.

दुसरं, जोड कुठपर्यंत? फक्त पहिला-दुसरा मणका, की वर कवटीपर्यंत? मान डावी-उजवीकडे वळते त्यातला जवळपास निम्मा भाग या दोन मणक्यांमधून येतो. ते जोडले की तो गेला. खालचे मणके थोडं भरून काढतात, पण मला आजही कुणी मागून हाक मारली तर खांद्यासकट वळावं लागतं. कवटीपर्यंत जोडलं तर होकाराची मानही बरीच जाते. आमवातात कधी कधी ते दातासारखं हाड वर कवटीत सरकलेलं असतं, तेव्हा कवटीपर्यंत जावं लागू शकतं. म्हणून हे नक्की विचारा.

तिसरं, रक्तवाहिनी. मेंदूला रक्त नेणारी व्हर्टिब्रल धमनी या मणक्यांच्या भोकांतून, वळणं घेत वर जाते. काहींच्यात ती स्क्रूच्या वाटेतच येते. माझ्या वेळी आधी सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, करून दोन्ही बाजूंची वाट बघितली होती. तुमच्या आईचा झालाय का?

चौथं, डोक्याच्या मागची बधिरता. दुसऱ्या मणक्याजवळची नस तिथली जाणीव देते, ती ताणली जाते, कधी सांध्यापर्यंत पोचायला मुद्दाम कापावी लागते. मला आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. केस विंचरताना ते डोकं दुसऱ्याचं असल्यासारखं वाटतं. सवय होते.

एक गोष्ट मला तेव्हा धीर देऊन गेली. या दोन मणक्यांत स्क्रू घालून ते प्लेटने जोडायची पद्धत मुंबईत परळच्या केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी विकसित केली, १९९४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुढे २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी प्लेटऐवजी सळ्या वापरल्या. जगभर आज गोयल-हार्म्स या नावाने ती ओळखली जाते. तरी तुमच्या सर्जननी या वरच्या भागाची किती ऑपरेशनं केलीत, हे विचारायला लाजू नका. कंबरेच्या मणक्यांचा अनुभव वेगळा, हा वेगळा.

रातराणी

मी भूलतज्ज्ञ आहे. पळस यांनी उत्तम लिहिलंय. माझ्या बाजूचं थोडं.

अशा पेशंटला भूल देताना मान मागे वाकवून श्वासाची नळी घालणं टाळायचं असतं. त्यामुळे बरेचदा पेशंट जागा असतानाच, घसा बधिर करून, बारीक दुर्बिणीच्या मदतीने नळी घालतात. आईला हे आधी समजावून सांगा, म्हणजे ती घाबरणार नाही. आमवातात जबडाही कमी उघडतो, तेही भूलतज्ज्ञांना सांगा. ऑपरेशनभर मज्जारज्जूचे सिग्नल तपासणारं मॉनिटरिंग असणार का, हेही विचारा.

औषधांची यादी कागदावर न्या. स्टेरॉइड बरीच वर्षं चालू असेल तर ते मनाने बंद करायचं नाही, अंगावर येतं. आमवाताची बायोलॉजिक इंजेक्शनं असतील तर ती किती आधी थांबवायची हे संधिवाततज्ज्ञ सांगतील. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तीही सांगा.

आणि एक प्रश्न, राग मानू नका. आई मिश्री लावते का?

कृष्णाकाठ

रातराणी ताई, लावते. चाळीस वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ, कधी दुपारीही. डॉक्टरांनी "तंबाखू?" विचारलं तेव्हा ती "नाही" म्हणाली, कारण तिच्या लेखी ती तंबाखू नाहीच, आणि मीही गप्प बसले.

रातराणी

मग गुरुवारी सगळ्यात आधी हेच सांगा. स्क्रू फक्त हाड जुळेपर्यंत धरून ठेवतात. खरा जोड हाडाचा, आणि निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. जखम भरायलाही वेळ लागतो. मिश्री आजपासून बंद, आणि हाड जुळेपर्यंत बंदच. एकदम सोडवत नसेल तर डॉक्टरांना विचारा. निकोटिनचं च्युइंगम परस्पर आणू नका, त्यातही निकोटिनच असतं.

पळस

घरच्या तयारीचं राहिलं. काही महिने पट्टा असू शकतो, किती ते सर्जन सांगतील. पट्ट्यात खाली बघता येत नाही, म्हणजे ताटात काय वाढलंय ते दिसत नाही आणि पायरीही दिसत नाही. आमच्याकडे ताट दोन डब्यांवर उंच ठेवायचे. कमोडची खुर्ची आणून ठेवा. जोड लागावा म्हणून मणक्यांमध्ये घालायचं हाड कमरेतून काढणार असतील तर मानेपेक्षा ती जागा जास्त दुखते, निदान मला दुखली. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा. नंतर कागद गोळा करताना फार धावपळ होते.

कृष्णाकाठ

आज जाऊन आलो. तुमचे सगळे प्रश्न वहीत लिहून नेले होते. सर्जननी वही स्वतःच्या हातात घेऊन एकेक वाचलं. कवटीपर्यंत जायची गरज नाही, फक्त दोन मणके. सीटी अँजिओ सोमवारी. डावीकडे धमनी जरा वर आहे असं त्यांना वाटतंय, तसं निघालं तर त्या बाजूला वेगळा स्क्रू घालतील. हातांबद्दल म्हणाले, चाल सुधारावी, बोटांचं मी वचन देत नाही. आईने ते नीट ऐकलं. "जेवढं आहे तेवढं राहू दे," म्हणाली.

मिश्रीचं तिने स्वतःच सांगितलं. घरी आल्यावर डबी माझ्या हातात दिली.

तिचा एकच प्रश्न उरलाय, तो तिने मला गाडीत हळूच विचारला. केस सगळे काढतात का?

पळस

नाही, माझे मागचे खालचे तेवढेच काढले होते. वरचे केस सैल बांधले की ती जागा झाकते. तरी आदल्या दिवशी सिस्टरना सांगून ठेवा, आणि न्हाऊ घालून न्या. नंतर बरेच दिवस डोक्यावरून पाणी घेता येत नाही.