लहान मुलांच्या घरात जुनं फर्निचर: सल्ला हवा आहे

धागाकर्ती:
आजीचं घर आवरताना काही वस्तू माझ्या वाट्याला आल्या. शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड, वेताच्या दोन खुर्च्या, काचेच्या दारांचं उंच कपाट आणि एका जुन्या दाराचं भरभक्कम झडप. भंगारात द्यायला जीव होत नाही. मुलं चार आणि नऊ वर्षांची आहेत, त्यामुळे वस्तू नुसत्या मांडून ठेवायच्या नाहीत, रोजच्या वापरात आणायच्या आहेत. कपाटावर निळ्या ऑइलपेंटचे तीन-चार थर आहेत, पोपडे सुटलेत. घासून पॉलिश करायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १:
कृपा करून कपाट घासायला घेऊ नका! जुन्या ऑइलपेंटमध्ये बऱ्याचदा शिसं असतं. कोरडं घासलं की त्याची बारीक धूळ घरभर बसते आणि मुलांच्या हातांवाटे पोटात जाते. शिशाची अमुक एक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही, आणि सर्वांत जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचं होतं. आधी पोपड्याचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसं निघालं तर ते काम जाणकाराकडे सोपवा, घरात करू नका. तोवर कपाट मुलांच्या खोलीत नको.

प्रतिसाद २:
वरच्याला +१. शिवाय लाकूड पोखरलंय का तेही बघा. कपाटाखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा. टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकांतून पिठासारखी भुकटी कागदावर पडली, तर बहुतेक कीड अजून आत आहे. आधी त्यावर इलाज, मग घरात प्रवेश. आणि उंच कपाट भिंतीला एल-पट्टीनं आवळून टाकाच. मुलं खालच्या फळीवर पाय देऊन चढतात आणि कपाट अंगावर येतं. काचाही जुन्या आहेत, फुटल्या तर मोठे धारदार तुकडे पडतील. खालच्या भागात टफन्ड काच बसवून घ्या.

प्रतिसाद ३:
वेताच्या खुर्च्यांबद्दल सांगते. बैठक खाली गेली असेल आणि वेत कुठे तुटलेला नसेल, तर लगेच विणायला देऊ नका. खुर्ची उलटी करा, कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं बैठकीच्या खालच्या बाजूवर अर्धा तास ठेवा. त्या बाजूला वेत पाणी पितो, वरची बाजू गुळगुळीत असल्यामुळे तिथून पाणी फारसं आत शिरत नाही. मग सावलीत दोन दिवस वाळू द्या, कुणालाही बसू देऊ नका. वाळताना वेत आखडतो. माझ्या खुर्चीची बैठक बोटानं वाजवली तर डफासारखी वाजायला लागली, इतका आनंद झाला मला! लाकडी चौकट मात्र ओली करू नका, पॉलिशवर पांढरे डाग पडतात.

धागाकर्ती:
मनापासून आभार. कपाट आजच गॅलरीत हलवलं आणि झाकून ठेवलं. स्टँडवर ते दार टाकून मुलांचं अभ्यासाचं टेबल करता येईल का?

प्रतिसाद ४:
येईल, पण आधी मापं घ्या. अभ्यासाच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर असते, दाराची जाडी त्यात धरा. पूर्ण लांबीचं दार या स्टँडवर दोन्हीकडे बाहेर येईल आणि कोपऱ्यावर कुणी टेकलं तर उलटेल. दार कापायचं नसेल तर स्टँड एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला लाकडी पाय, असं करा. माझ्याकडे तसंच आहे. दारावरही रंग असेल तर तीच शिशाची तपासणी. नक्षीच्या खोलगटात पेन्सिल अडकते, म्हणून वर काच लागेल.

पायपट्टी आणि मोठं चाक मात्र जाम करायलाच हवं. मुलं खाली बसून पायपट्टी हलवतात आणि चाकाच्या आऱ्यांत बोट जातं. चाक काढून टाकू नका, स्टँडची सगळी शोभा त्यात आहे. पट्टा काढा आणि पायपट्टीचा दांडा चौकटीला नटबोल्टनं पक्का करा. गंज तारेच्या ब्रशनं काढून रेडऑक्साइडचा एक हात द्या, पण स्टँडवर जुना रंग असेल तर ब्रश लावण्याआधी तोही तपासा.

धागाकर्ती:
चाक काढायचंच ठरलं होतं, बरं झालं विचारलं. लेक आत्ताच टेप घेऊन दार मोजायला बसली आहे. दाराच्या कडीचं काय करू, ठेवू का?

प्रतिसाद ४:
ठेवा की. फक्त ती बाजू भिंतीकडे करा, म्हणजे कोपराला लागणार नाही.