न्हावाशेवाला डुप्लिकेट माल पकडतात कसा?

उरणचा_पोऱ्या: चुलतभाऊ सीएचएकडे (कस्टम्समधून माल सोडवून देणारा एजंट) कामाला लागलाय, तो म्हणतो सगळे कंटेनर कोणी उघडतच नाही. मग ते नकली बूट, चार्जर, परफ्यूम सापडतात कसे? टीप असते का?

गोदीवाले_काका: सगळे उघडत बसले तर जहाजांची रांग अलिबागपर्यंत जाईल रे 😄 टीप असते कधीकधी, पण मुख्य काम आरएमएसचं, म्हणजे कस्टम्सच्या रिस्क मॅनेजमेंट सिस्टीमचं, २००५ पासून आहे, कॉम्प्युटरच बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाची कस्टम्सला दिलेली माहिती) बघून ठरवतो कुठला माल तपासायचा. लावलेली किंमत फारच कमी, वर्णन मोघम, असलं काही दिसलं की संशय. मग स्कॅनर. त्याला खोटा लोगो कळत नाही हां, फक्त कागदावर बादल्या आणि आत भलतंच काहीतरी एवढं दिसतं.

वाशीकरीण: खरं-खोटं शेवटी ब्रँडवालाच सांगतो. २००७ चे नियम आहेत, ट्रेडमार्क कस्टम्सकडे नोंदवून ठेवायचा, संशय आला की माल अडवून कंपनीला कळवतात आणि तिने कामाच्या १० दिवसांत पुढे यायचं (मुदत वाढते), नाही आली तर बाकी काही भानगड नसेल तर माल सुटतो. आमच्या जुन्या ऑफिसात सॅम्पल यायची, शिलाई आणि टॅगवरचं स्पेलिंग बघूनच अर्धे निकाल लागायचे.

उरणचा_पोऱ्या: आणि नकली निघाला तर परत पाठवतात?

वाशीकरीण: आहे तसा नाही पाठवू देत. बहुतेकदा नष्टच.