मदत हवी आहे: जिओकॅशिंगला जाताना हातातलं जीपीएस कुठे आणि कसं बाळगता?

ओलीचप्पल (हिल्सबरो, ऑरेगन)

नमस्कार मंडळी. शनिवारी भर थंडीत गुडघाभर पाण्यात उभी राहून ओढ्याचा तळ हाताने चाचपत होते, तेव्हाच ठरवलं की घरी गेल्यावर इथे धागा काढायचा.

आधी थोडं नमन. आम्ही पोर्टलंडच्या पश्चिमेला राहतो. लेक नऊ वर्षांचा. त्याला नुसतं "चल फिरायला" म्हटलं तर पाय दुखतात, म्हणून जिओकॅशिंग सुरू केलं. माहीत नसलेल्यांसाठी: कुणीतरी एक डबा (त्यालाच इंग्रजीत 'कॅश' म्हणतात) लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश सगळ्यांसाठी टाकतं, आपण जीपीएस घेऊन तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवून यायचं. (सासऱ्यांना फोनवर "कॅश शोधायला गेलो होतो" म्हटलं, तर पलीकडून लगेच, "मग, किती सापडली?")

खरं तर आम्ही या छंदाच्या पंढरीतच राहतो. अमेरिकन सरकार नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं, ते त्यांनी मे २००० च्या सुरुवातीला बंद केलं आणि ३ मे ला पोर्टलंडच्या दक्षिणेला बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर यांनी पहिली बादली लपवली. आत बीन्सचा एक डबाही होता म्हणे. आता तिथे पाटी आहे. लेकाने तिथे नमस्कार केला होता, मी सांगितलं नव्हतं.

तर मुद्दा. माझ्याकडे गार्मिनचं ईट्रेक्स ३२एक्स आहे. दोन पेन्सिल सेलवर चालतं, स्क्रीनला हात लावायचा नाही, वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या दांडीने सगळा कारभार. यंत्राबद्दल तक्रार नाही. तक्रार माझ्या बाळगण्याबद्दल आहे. आतापर्यंतचे प्रयोग असे.

जॅकेटच्या खिशात ठेवलं. ती दांडी दाबून धरली की आहे त्या जागेची खूण साठवली जाते. घरी येऊन बघते तर ००१ ते ०४३ अशा त्रेचाळीस खुणा, निम्म्याहून जास्त एकाच झुडपात.

गळ्यात घातलं. वाकलं की लंबकासारखं झुलतं आणि दगडावर ठण्णकन आपटतं. शिवाय इकडे ब्लॅकबेरीच्या जाळ्या आहेत, करवंदाच्या जाळीची थोरली बहीण समजा. नाव हिमालयन ब्लॅकबेरी, पण मूळ आर्मेनिया-इराणकडचं. उगाच आपल्या हिमालयाची बदनामी. त्यात पट्टा अडकला की आपण मागे आणि मान पुढे.

मग सासूबाई इथे होत्या तेव्हा त्यांनी जुन्या जीन्सचा बटवा शिवून दिला. आत फ्लॅनेलचं अस्तर, वर त्यांच्या जुन्या पर्सचं लोहचुंबकाचं बटण. मापाला इतका चोख की दुकानातला झक मारेल. पण बटव्यात ठेवलं की डब्यापाशी पोचल्यावर स्क्रीनवरचा दिशा दाखवणारा बाण गरागरा फिरतो. का, कळत नाही.

शेवटी यंत्राच्या पाठीवर एक गोल कडी आहे, तिच्यात बुटाची लेस ओवली आणि दुसरं टोक सॅकच्या पट्ट्याला बांधलं. दोन आठवडे छान गेले. शनिवारी ओंडक्यावरून ओढा ओलांडताना "टप्" झालं. लेस जागच्या जागी. लेसच्या टोकाला फक्त बॅटरीचं झाकण लटकतंय. बाकी सगळं पाण्यात.

सापडलं. दोन दिवस उघडं वाळवलं, चालू झालं. एका स्प्रिंगवर हिरवट डाग आलाय.

दोन्ही हात मोकळे राहतील आणि सिग्नलही मिळेल अशी जागा कुठली? दोरी कुठे बांधता? पावसात वरून काही घालता का? आणि बटवा वाचवता येईल का? सासूबाई पुढच्या महिन्यात परत येतायत. तो वापरात दिसला पाहिजे.

सॅकला_लोंबकळणारा (पुणे)

ताई, ती कडी दोरीसाठी नाहीच! ती झाकणाची चावी आहे. डावीकडे फिरवली की झाकण सुटतं, सेल बदलताना तेच करता ना तुम्ही? लेसने चालता चालता तिला थोडा थोडा पीळ दिला असणार आणि शेवटचा पीळ नेमका ओंडक्यावर बसला.

पाठीवर एक उभी खाच आहे बघा. तिच्यात सरकवून बसवायची क्लिप मिळते, कॅराबिनरवाली (गिर्यारोहक वापरतात तसली उघडमीट होणारी कडी). दोरी तिला बांधायची. नवी क्लिप पहिल्या दिवशी दोन-चारदा काढून-घालून बघा, "टक्" आवाज येईपर्यंत बसली नाही तर ती अर्धवटच असते.

जागा म्हणाल तर सॅकचा खांद्यावरचा पट्टा, छातीच्या जरा वर, डाव्या बाजूला. राजगडाच्या चोर दरवाज्याच्या वाटेवर रेलिंग धरायला दोन्ही हात लागतात, तिथेही मान जरा खाली केली की स्क्रीन दिसते. कमरेला कधी लावू नका, प्रत्येक कातळाला घासतं.

आणि माझी खास युक्ती, फुकटची. पंक्चरवाल्याकडून सायकलची टाकाऊ ट्यूब आणायची. तिची दोन अरुंद कडी कापायची, बोटभर रुंद. एक यंत्राच्या अगदी खालच्या टोकाला चढवायचं, एक वरच्या. स्क्रीन आणि बटणं मोकळी राहिली पाहिजेत. पडलं तर आधी रबर आपटतं आणि ओल्या हातातून साबणासारखं सटकत नाही. कापलेली ट्यूब आधी साबणाने धुवा, आतून पांढरी पावडर निघते. मागे रेडियमची पट्टी चिकटवा, गाड्यांच्या नंबरप्लेटवाल्याकडे मिळते. संध्याकाळी गवतात पडलं तर टॉर्च मारल्यावर चमकतं.

त्रिकोणमिती (नाशिक)

बटव्याचं बटण हाच चोर.

माझी नोकरी मोजणीत गेली, तेव्हा हे दुखणं ओळखीचं आहे. होकायंत्र वापरायच्या दिवशी आम्ही लोखंडी बकलचा पट्टा घालून शेतात जात नसू. तुमच्या ३२एक्समध्ये चुंबकीय होकायंत्र आहे. चालत असता तेव्हा यंत्र आपल्या बदलत्या जागेवरून दिशा काढतं, त्यामुळे काही बिघडल्यासारखं वाटत नाही. थांबलात की ते होकायंत्राकडे वळतं. म्हणून बाण नेमका डब्यापाशी फिरतो, कारण तिथेच तुम्ही थांबता. बटण काढा, नाडी लावा. मोबाइलही त्याच खिशात ठेवू नका, त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो.

बटण काढल्यावर होकायंत्र नव्याने जुळवून घ्या. सेटिंगमध्ये तशी सोय आहे, ते सांगेल तसं यंत्र तीन दिशांनी फिरवायचं. गाडीपासून, लोखंडी कुंपणापासून लांब, मोकळ्या जागी. सेल बदलल्यावरही हे करावं.

दुसरं, अँटेना. तुमच्या यंत्रातला चपटा आहे, त्याला आकाशाकडे तोंड करून आडवं धरलेलं मानवतं. गार्मिनच्याच ६४, ६५ या मालिकांमधल्या यंत्रांना डोक्यावर अँटेनाचं बोंड असतं, ती उभी धरायची. पट्ट्यावर लावलं की तुमचं यंत्र उभं राहणार, वाट चालायला तेवढं पुरतं. शेवटच्या वीस-पंचवीस पावलांना मात्र काढून तळहातावर आडवं घ्या आणि मिनिटभर एका जागी थांबा. कमरेला किंवा पाठीमागे ठेवलं तर आपलं शरीरच अर्धं आकाश झाकतं. पाण्याने भरलेली पखालच की आपण.

आणि पाचेक मीटरच्या आत आलात की यंत्र खिशात घाला, डोळे वापरा. त्याच्यापुढे आकडा तुम्हाला झाडाभोवती नाचवत बसतो.

घरीच_बरा

एवढा सगळा खटाटोप कशाला? फोन आहे ना प्रत्येकाकडे.

ओलीचप्पल

@घरीच_बरा, आमच्याकडे ऑक्टोबरपासून मेपर्यंत भुरभुर चालू असते. ओल्या स्क्रीनवर फोनला माझं बोट आणि पावसाचा थेंब यातला फरक कळत नाही. आणि फोन ओढ्यात गेला असता तर घरी न्यायला बोलावलं कशावरून असतं?

@त्रिकोणमिती काका, साष्टांग. थांबल्यावरच फिरतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्ता फ्रिजवरचं चुंबक जवळ नेऊन बघितलं, बाण तसाच पिसाळला.

@सॅकला_लोंबकळणारा, कडीबद्दल वाचून कपाळावर हात मारला. तीन वर्षं सेल बदलतेय मी.

काळी_बुरशी (गॉटिंगेन, जर्मनी)

गळ्यातलं पूर्ण बाद करू नका, पण पट्टा ओढला की मागे सुटणाऱ्या जोडाचाच हवा. विशेषतः मुलाच्या गळ्यात साधी लेस कधीच नको. इथल्या हार्ट्झच्या डोंगरात माझ्या पुतणीचा पट्टा फांदीत अडकला होता, जोड सुटला म्हणून निभावलं. काढताना हसत होतो, घरी आल्यावर हातपाय गार पडले.

पट्ट्यावरून हातात घ्यायला आपोआप गुंडाळणारी दोरी सोयीची पडते. ऑफिसच्या ओळखपत्राची असते तशी, पण ती घेऊ नका, तिचा धागा कार्डापुरताच असतो. पाण्याखाली बुडी मारणारे स्कूबावाले वापरतात ती दणकट घ्या. हात सोडला की यंत्र छातीपाशी परत.

बर्फाळ (मिनेसोटा)

पावसाबद्दल. या यंत्राला आयपीएक्स७ हा दर्जा आहे, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. पण झाकण आणि यूएसबीवरचं रबर घट्ट बसलेलं असेल तर. तुमचं झाकण तर लेसला होतं! पावसासाठी वेगळी पिशवी नको, प्लास्टिकच्या पिशवीत आतूनच वाफ धरते. फक्त झाकणाच्या कडेचं रबर दर वेळी पुसा. वाळूचा एक कण अडकला तरी पाणी वाट काढतं.

डागासाठी: सेल काढून कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा थेंब घ्या, पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण वाळू द्या. पुन्हा भिजलं तर तांदळात पुरू नका, पीठ भोकांत बसतं. पंख्याखाली ठेवा किंवा बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून ठेवा.

साधे अल्कलाइन सेल घालून यंत्र कपाटात ठेवून देऊ नका, कधीतरी गळतातच. मी चार्ज होणारे निकेलचे वापरतो, कडाक्याच्या थंडीत लिथियमचे. जे घालाल तो प्रकार सेटिंगमध्ये निवडा, नाहीतर बॅटरीची पट्टी खोटं बोलते.

आणि एक. संगणकाला जोडल्यावर आतल्या गार्मिन फोल्डरमध्ये स्टार्टअप नावाची टेक्स्ट फाइल सापडेल. तिच्यात ईमेल लिहून ठेवला की यंत्र चालू होताना पडद्यावर दिसतो. हरवलं तर सापडणाऱ्याला कळेल कुणाचं ते. घरचा पत्ता लिहू नका.

हौस_महाग

माझं मत, विकून टाका आणि उपग्रहावरून मेसेज पाठवणारं नवं मॉडेल घ्या. जंगलात पोरगं बरोबर आहे.

सॅकला_लोंबकळणारा (पुणे)

@हौस_महाग, तिकडे वापरायला चांगलंच आहे, पण ताई, तसलं घेतलंत तर पुण्याला येताना तिकडेच ठेवून या. उपग्रहावरून मेसेज किंवा फोन करणारी यंत्रं भारतात परवान्याशिवाय चालत नाहीत, विमानतळावर लोक अडकलेत. साधं जीपीएस नुसतं ऐकतं, पाठवत काही नाही, ही वेगळी जात. सुरक्षा तपासणीत मात्र तोच फरक समजावत बसावं लागू शकतं.

ओलीचप्पल

अपडेट देते, दोन शनिवार झाले.

खाचेतली क्लिप आणली, डाव्या पट्ट्यावर लावली. ट्यूब इथल्या सायकलच्या दुकानात मागितली तेव्हा त्या मुलाने दोन मिनिटं माझ्याकडे बघितलं आणि मग पिशवीभर दिली, फुकट. पहिलं कडं मी रुंद कापलं, ते दिव्याच्या बटणावर बसलं आणि दिवा सारखा लागायला लागला. दुसरं बरोबर झालं. आता हातात घेतल्यावर यंत्राला टायरचा वास येतो, लेकाला तो फार आवडतो. गुंडाळणारी दोरी मागवलीय, आली नाही अजून. डाग व्हिनेगरने गेला.

काल टुआलाटिन नदीच्या काठाने गेलो. भुरभुर होतीच. दोन्ही हातांनी जाळी बाजूला करत शिरले आणि यंत्र पट्ट्यावर गप्प बसून राहिलं. शेवटी काका म्हणाले तसं काढून आडवं धरलं, थांबले, बाण अजिबात हलला नाही. डबा लेकाला सापडला, शेवाळ आलेल्या ओंडक्याखाली. खुणांची यादी उघडली तर काल एकच नवी होती, ती मी स्वतः दाबलेली.

बटव्याचं बटण उसवलं, नाडी ओवली. गाडीतून नेता-आणताना यंत्र त्यातच असतं. हौसेने सासूबाईंना फोटो पाठवला. उत्तर आलं: "छान. पण माझं बटण कुठे टाकलंस?"

कचऱ्यात शोधतेय.