किंग्स्टन ते प्रिन्स्टन: डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठची वाट ज्येष्ठांना झेपेल का?

मृण्मयी_एडिसन:

नमस्कार. माझे आई-बाबा सप्टेंबरच्या अखेरीस पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतील एडिसनला येत आहेत आणि नोव्हेंबर संपेपर्यंत राहणार आहेत. पुण्यात ते दोघे रोज सकाळी पर्वतीच्या पायथ्याशी मुठा उजव्या कालव्याच्या काठाने फिरतात. इथे मात्र आमच्या वसाहतीबाहेर धड पदपथच नसल्यामुळे त्यांचे चालणे बंद पडते, आणि त्याचा परिणाम आठवड्याभरातच बाबांच्या गुडघ्यांवर दिसू लागतो. म्हणून या वेळी त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठाने न्यावे, असे मनात आहे.

किंग्स्टन ते प्रिन्स्टन हा टप्पा सर्वांत सुंदर आहे असे ऐकले आहे. बाबा ७२ वर्षांचे आहेत. सपाट वाटेवर तास-दीड तास ते आरामात चालतात, परंतु चढ-उतार आणि ओबडधोबड जमीन त्यांना सोसत नाही. ही वाट कितपत सपाट आहे, बसायला जागा आहेत का, आणि सुरुवात कोठून करावी, हे नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सांगावे.

आणखी एक प्रश्न खुद्द बाबांचा आहे. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. कालवा १९३२ साली बंद झाला असे मी फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले की मग छायाचित्रांत तो काठोकाठ भरलेला कसा दिसतो, आणि ते पाणी येते कोठून? मला याचे उत्तर देता आले नाही.

वाटसरू:

मृण्मयीताई, आपल्या बाबांसाठी याहून चांगली वाट मध्य न्यू जर्सीत सापडणे कठीण आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. बोटी ओढणाऱ्या खेचरांसाठी कालव्याच्या भरावावर जी वाट बांधली होती, तीच आज आपण चालतो. तिला इथे सगळे ‘टोपाथ’ म्हणतात. ओझे ओढणाऱ्या जनावराला चढ नको म्हणून ती मुळातच सपाट आखलेली आहे. चढ-उतार असतो तो फक्त लॉकपाशी, म्हणजे बोटी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेण्यासाठी बांधलेल्या दगडी हौदापाशी, आणि किंग्स्टनचे लॉक मागे टाकून प्रिन्स्टनकडे निघाल्यावर प्रिन्स्टनमधल्या अलेक्झांडर स्ट्रीटपर्यंत असे एकही लॉक लागत नाही. पायाखाली दगडाचा बारीक चुरा दाबून बसवलेला आहे. गुडघ्यांना तो सिमेंटच्या पदपथापेक्षा पुष्कळ सुखाचा वाटतो, मात्र मोठ्या पावसानंतर काही ठिकाणी चिखल होतो.

संपूर्ण टप्पा एका बाजूने चार ते साडेचार मैलांचा, म्हणजे सुमारे सात किलोमीटरचा आहे. जाऊन-येऊन तो बाबांना जास्त होईल. माझे मत असे की पहिल्या दिवशी किंग्स्टनच्या लॉकजवळ गाडी लावावी, जलसेतूपर्यंत, म्हणजे कालवा नदीवरून नेणाऱ्या पुलापर्यंत जावे आणि परत फिरावे. हे अंतर एका बाजूने सुमारे दोन मैल भरते, आणि साऱ्या टप्प्यात पाहण्यासारखे जे आहे त्यातले बहुतेक याच दोन मैलांत आहे. एका हाताला कालवा आणि दुसऱ्या हाताला कार्नेगी तलाव, मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून आपण चालत असतो. अँड्र्यू कार्नेगी यांनी दिलेल्या पैशातून मिलस्टोन नदीवर किंग्स्टनजवळ बांध घालून १९०६ साली हा तलाव केला गेला, तो प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना वल्हवण्याचा सराव करता यावा म्हणून. सकाळी लवकर गेल्यास त्यांच्या लांब, अरुंद नावा पाण्यावर दिसतात. पाण्यात आडव्या पडलेल्या ओंडक्यांवर कासवे ओळीने ऊन खात बसलेली असतात, आणि काठाला मोठा निळा बगळा बहुतेक वेळा भेटतो. पुढे मिलस्टोन नदी जिथे तलावाला मिळते, तिथे कालवाच नदीवरून पलीकडे नेलेला आहे. निवृत्त पाटबंधारे अभियंत्याला त्या जलसेतूपाशी अर्धा तास तरी उभे राहावेसे वाटेल, तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

बसायला बाके मोजकीच आहेत. शौचालयाची सोय वाटेत मिळेलच असे धरू नये. दुपारी काही भागांत ऊन लागते, त्यामुळे सकाळच बरी.

एक गोष्ट मात्र आई-बाबांना आधीच समजावून सांगावी. ही वाट सायकलस्वारही वापरतात, आणि मागून येताना ते ‘ऑन युअर लेफ्ट’ असे ओरडतात. आपल्याकडच्या माणसाला डाव्या बाजूने चालण्याची सवय असते, शिवाय ‘लेफ्ट’ हा शब्द कानावर पडताच तो डावीकडे सरकतो, म्हणजे नेमका सायकलच्या वाटेत जातो. सायकल आपल्या डावीकडून पुढे जाणार आहे, आपण उजव्या कडेला राहावे, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या सासूबाईंना घेऊन जाताना मी हे घरीच दोनदा सांगितले होते.

अनिकेत_फ्रँकलिन:

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते विचारण्यासारखेच आहे.

१९३२ चा हंगाम संपल्यावर बंद झाली ती नौकानयनाची सेवा. पाणी वाहणे थांबले नाही. पुढे राज्य सरकारने कालवा ताब्यात घेऊन त्याचे रूपांतर पाणीपुरवठ्याच्या वाहिनीत केले, आणि न्यू ब्रन्स्विकसह मध्य न्यू जर्सीतील अनेक गावांच्या नळाला आज त्यातून पाणी जाते. पाणी येते डेलावेअर नदीतून. ट्रेंटनच्या वर, बुल्स आयलंड येथे कालव्याचे मुख आहे. तेथून २२ मैलांचा पोषक कालवा नदीच्या कडेने ट्रेंटनपर्यंत येतो, मुख्य कालव्याला मिळतो, आणि मग पाणी प्रिन्स्टन, किंग्स्टन, ग्रिग्सटाउन असे करत रॅरिटनच्या खोऱ्यात उतरते. हे सारे केवळ उताराच्या बळावर घडते. म्हणजे आपण किंग्स्टनहून प्रिन्स्टनकडे चालाल तेव्हा प्रवाहाच्या उलट दिशेने चालत असाल. प्रवाह इतका संथ आहे की तरंगणाऱ्या पानाकडे थोडा वेळ पाहत राहिल्याशिवाय तो जाणवत नाही.

मूळ हेतू अगदी वेगळा होता. बोर्डनटाउन ते न्यू ब्रन्स्विक असा ४४ मैलांचा मुख्य कालवा १८३४ साली खुला झाला. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये मालवाहू बोटींना समुद्राचा वळसा टाळता यावा, यासाठी तो खणला होता. पाण्याच्या पातळीवर रुंदी सुमारे ७५ फूट, खोली ७ फूट, आणि मुख्य कालव्यावर १४ लॉक. मालापैकी फार मोठा भाग पेनसिल्व्हेनियातील कोळशाचा होता. डोलकाठ्या असलेल्या बोटींनाही जाता यावे म्हणून कालव्यावर कायमचे उंच पूल न बांधता फिरते पूल बसवले होते. पूल फिरवणारा माणूस त्याच्या शेजारीच घर करून राही. त्यांतली काही घरे आजही उभी आहेत.

खोदकाम जवळजवळ सगळे हातांनी झाले, कुदळ-फावड्यांनी, आणि ते करणाऱ्यांत आयर्लंडहून नुकत्याच आलेल्या मजुरांचा भरणा होता. १८३२ च्या पटकीच्या साथीत त्यांतले कितीतरी जण दगावले आणि कालव्याच्या आसपासच पुरले गेले. सुट्टीच्या दिवशी या वाटेवर गर्दी असते, पण ही गोष्ट ठाऊक असणारे फार थोडे भेटतात, याचे मला वाईट वाटते. आपल्या बाबांनी कालव्यांवर उमेदीची वर्षे घालवली असल्यामुळे त्यांना ही हकीकत अवश्य सांगावी.

कालव्याचा धंदा बसवला तो रेल्वेने. १८७१ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोडने कालवा भाडेपट्ट्याने घेतला, आणि १८९२ नंतर त्याला नफा असा झालाच नाही. तरीही तो आणखी ४० वर्षे चालू राहिला. १९७४ पासून हा सारा पट्टा राज्य उद्यान आहे.

गवतीचहा:

वरच्या दोघांनीही उत्तम माहिती दिली आहे. मी आरोग्याच्या दृष्टीने थोडी भर घालते, कारण पुण्याहून येणाऱ्यांना या दोन गोष्टी अपरिचित असतात.

पहिली गोष्ट गोचीड. न्यू जर्सीत हरणांवरच्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार पसरतो, आणि थंडी पडू लागल्यावरही ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सक्रिय असते. वाटेच्या मधोमध चालावे, गवतात बसू नये, पायमोजे विजारीच्या वर ओढून घ्यावेत, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत व केसांत नीट पाहावे. चावलेली गोचीड दिसल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. नंतर लाल चट्टा उमटला किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

दुसरी गोष्ट पॉयझन आयव्ही. बेलाच्या पानासारखी तीन दलांची ही वेल झाडांवर चढलेली असते, आणि शरद ऋतूत तिची पाने इतकी सुरेख लाल होतात की कोणालाही ती तोडून घ्यावीशी वाटतात. तिला हात लागला तर अंगावर पुरळ उठून दोन-तीन आठवडे खाज सुटते. आपल्या आईंना पाने-फुले गोळा करण्याची आवड असेल, तर हे विशेष लक्षात ठेवावे.

मृण्मयी_एडिसन:

सर्वांचे मनापासून आभार. अनिकेतदादा, आपले उत्तर मी बाबांना फोनवर वाचून दाखवले. बुल्स आयलंडपासून किंग्स्टनपर्यंत पंपाविना पाणी येते, हे ऐकून ते फार खूश झाले. आता त्यांना लॉक प्रत्यक्ष पाहायचे आहे. किंग्स्टनच्या लॉकचे काम अजून नीट दिसते का? आणि जलसेतूपर्यंतचा टप्पा चार-पाच वेळा झाल्यावर दुसरीकडे कोठे न्यावे?

वाटसरू:

किंग्स्टनच्या लॉकच्या दगडी भिंती चांगल्या स्थितीत आहेत आणि लॉक सांभाळणाऱ्याचे घरही शेजारीच आहे. बोटींची ये-जा अर्थातच नाही, आता तिथे फक्त पाण्याचे नियंत्रण होते. तेथून जवळच मिलस्टोन नदीवर १७९८ सालचा दगडी कमानींचा पूल आहे, तोही दाखवावा.

दुसरा पर्याय म्हणजे किंग्स्टनहून उलट दिशेने रॉकी हिलकडे जावे. जाताना टोपाथने जायचे आणि येताना कालव्याच्या दुसऱ्या काठाने, जिथे पूर्वी रेल्वेचा फाटा होता, त्या वाटेने परतायचे. हा फेरा पावणेचार मैलांच्या आसपास होतो, आणि दोन्ही काठ पाहून होतात. याच बाजूला रॉकिंगहॅम हे घर आहे. १७८३ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांचा मुक्काम तेथे होता आणि सैन्याला निरोपाचा संदेश त्यांनी तेथूनच दिला. दगडखाणीमुळे ते घर एकाहून अधिक वेळा उचलून हलवावे लागले आहे. आजच्या जागी ते २००१ मध्ये आले.

त्याहून शांत जागा हवी असेल तर ग्रिग्सटाउनला जावे. तिथे लॉक आहे, पूल फिरवणाऱ्याचे घर आहे आणि खेचरे हाकणाऱ्यांच्या मुक्कामाची जुनी इमारतही आहे. मात्र मिलस्टोनचे खोरे पुराचे आहे. १९९९ मधील फ्लॉइड आणि २०२१ मधील आयडा या वादळांत टोपाथचे मोठे नुकसान झाले होते, आणि साध्या मुसळधार पावसानंतरही सांडव्यांपाशी वाट वाहून जाते. त्यामुळे निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर कोणता टप्पा बंद आहे ते पाहून घ्यावे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जाते आणि त्यानंतर पाचच्या आतच सूर्य मावळतो. दुपारी निघणार असाल तर दोनच्या पुढे निघू नये.