विषय : मांडवीच्या घराचं कुंपण

दांडिया बाजारातून

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीचा विषय चालू असताना मधेच घरचं काढतोय, सांभाळून घ्या. मांडवीचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. (नव्या सभासदांसाठी : आपल्या वडोदऱ्यातल्या चार दरवाजांमधली मांडवी नव्हे, कच्छची.) निवृत्तीनंतर वर्षातले चार-पाच महिने आम्ही दोघं तिथेच असतो. समोर समुद्र, मधे वाळू आणि वाळूवर पर्यटक. संध्याकाळी ओट्यावर चहाला बसलं की हातात दाबेली घेतलेली माणसं कुंपणाशी थांबतात आणि तिकीट काढून आल्यासारखी आमच्याकडे बघत राहतात. हिने ओट्यावर बसणंच सोडलंय.

गेल्या वर्षी लोखंडी अँगल रोवून सहा फुटी पत्रे ठोकून घेतले, सलग. जूनच्या वाऱ्यात दोन रात्री ते नुसते वाजले. तिसऱ्या रात्री तीन पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले. कोणाला लागलं नाही हे नशीब. आता प्रीकास्ट सिमेंटची भिंत घ्यावी म्हणतो, तीही सहा फुटी. वजनदार असते, उडणार नाही. कोणाला काही अनुभव?

अकोट्यातून

उडणार नाही हे खरं. पडेल.

उत्तरायणात वारा चढला की पतंगाचा दोरा बोट कापतो, तोच हिशेब इथे आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. दर चौरस मीटरवर तितके न्यूटन दाब येतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वडोदऱ्याचा मूळ वेग ४४ दिलाय, भुजचा ५०. म्हणजे तुमच्या आठ बाय सहा फुटांच्या एका पत्र्यावर साधारण ६८० किलो. असा वारा रोज येत नाही, मान्य. पण २०२३ चं बिपरजॉय चक्रीवादळ आठवा. १५ जूनला जखौजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११५ ते १२५ किलोमीटर होता. १२५ धरला तरी त्याच पत्र्यावर सव्वातीनशे किलोंच्या वर जातं.

आता भिंत. विटांची नऊ इंची, सहा फूट उंच भिंत नुसत्या स्वतःच्या वजनावर किती वारा झेलते, ते काल एका पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिलं. ताशी सुमारे १०८ किलोमीटर. त्यापुढे सगळी भिस्त सांध्यातल्या सिमेंटवर आणि मिस्त्रीच्या इमानावर. तुमच्या प्रीकास्टच्या फळ्या तर जेमतेम दोन इंच जाड. ती भिंत वजनावर उभी राहत नाही, खांबांवर राहते, आणि खांब तुम्ही वाळूत रोवणार. खाऱ्या हवेनं आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते.

बांधायचीच असेल तर आधी भरतीरेषेपासूनचं अंतर मोजून सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांचं, बघून घ्या. कलाभवनातून, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजातून, बाहेर पडून पन्नास वर्षं झाली, पण पडलेल्या भिंती बघायला लोक अजून मलाच बोलावतात.

वेलिंग्टनहून

काका, मी मूळची शियाबागेतली, पण आता वाऱ्याच्याच गावात राहते, म्हणून मधे बोलते. आम्हीही घर घेतल्यावर पहिल्यांदा सलग फळ्यांचं कुंपण केलं होतं. ठेकेदाराने छातीठोकपणे सांगितलं, काही होत नाही. पहिल्याच हिवाळ्यात दक्षिणेचा वारा सुटला आणि दोन खांब मुळापासून कलले.

पण ते पडायच्या आधीचीच गंमत सांगते. कुंपणाआड वारा लागणार नाही म्हणून आम्ही खुर्च्या तिथे टाकल्या. वारा वरून उडी मारून आत यायचा आणि गरगर फिरायचा. कागदी कप, उशा, मुलाची टोपी, सगळं गोल गोल. उघड्यावर बरं होतं असं वाटायला लागलं. पुढे समजलं की निम्म्याच्या आसपास मोकळं असलेलं कुंपण वारा गाळून घेतं आणि त्याच्या मागे जास्त लांबपर्यंत निवांत मिळतं. सलग कुंपण त्याला फक्त चिडवतं.

आता आमच्याकडे फळ्या आलटून-पालटून आहेत, आडव्या पट्टीच्या एक आतून, एक बाहेरून. कडा एकमेकींवर थोड्या चढलेल्या. समोरून बघणाऱ्याला फळीच दिसते, वारा मात्र मधल्या फटीतून वळून जातो. खिळे नाहीत, स्क्रू, आणि तेही ३१६ प्रतीचं स्टेनलेस. ३०४ वर समुद्राजवळ तांबूस डाग यायला लागतात. साध्या मुलाम्याचे तर विचारूच नका. खांब जमिनीत जातो म्हणून त्याचं लाकूड वेगळं, जास्त औषध पाजलेलं घ्यावं लागतं. इथे १९७८ चा कुंपणाचा कायदा आहे, साध्या पुरेशा कुंपणाचा निम्मा खर्च शेजाऱ्याकडे मागता येतो. तुमच्या शेजाऱ्याला हे सांगू नका, त्याने पत्र्यांचं भाडं मागितलं तर पंचाईत.

वडोदऱ्याच्या वाडी भागातून

भाऊजी, आकडे वाचता वाचता माझा चहा गार झाला.

मला एक सांगा, बघतं कोण? चालत जाणारे, की उंटावरचे? मागच्या डिसेंबरात आम्ही आलो होतो तेव्हा निम्मी माणसं उंटावर होती. उंटावरच्या माणसाला तुमचं सहा फुटी कुंपण म्हणजे उंबरठा.

माझं माहेर गुहागरचं. आमच्याकडे घराभोवती गडगा छातीएवढाच. समुद्राच्या अंगाला सुरूचं बन, त्यातून वारा येतो तो नुसता सूं सूं करत येतो. ज्या बाजूला पडवीत बसायचं, तिथे नारळाचे झाप. फाटले की पुढच्या वर्षी नवे विणायचे. खाऱ्या वाऱ्यात मेंदी पिवळी पडली तर कोयनेल लावा, तिला खारं चालतं आणि कातरून हवी तेवढी दाट करता येते. पहिली दोन वर्षं मात्र पाणी घालायला हवं. तुम्ही चार महिने तिथे आणि आठ महिने इथे, म्हणजे घालणार कोण, ते वहिनींना विचारून ठरवा.

अकोट्यातून

वाडीच्या ताईंनी उंट काढला ते बरं झालं. माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि खरं गणित तिथेच आहे.

ओटा जमिनीपासून दोन फूट. खुर्चीत बसलेल्याचं डोकं ओट्यापासून चार, म्हणजे जमिनीपासून सहा फुटांवर. उंटाची वाट खुर्चीपासून पन्नास फूट धरा, स्वाराचा डोळा दहा फुटांवर. तुमची हद्द पंचवीस फुटांवर, बरोबर मधे. नजरेची रेघ ओढली तर हद्दीवर ती आठ फूट उंचीवरून जाते. म्हणजे सहा फुटी भिंत पडली काय, उभी राहिली काय, वहिनी दिसणारच.

तोच आडोसा ओट्यावर, खुर्चीपासून तीन फुटांवर आणला, तर रेघ तिथे जमिनीपासून सव्वासहा फुटांवर. ओट्याचे दोन वजा करा. सव्वाचार फुटांचा पडदा पुरतो. चला, साडेचार करा.

एवढ्याला वारा धरणार किती? वेलिंग्टनच्या ताईसारख्या आलटून-पालटून फळ्या, खांब ओट्याच्या काँक्रीटला बोल्टने कसलेले. वाळूत खड्डा खणायचं कामच राहत नाही. हद्दीवर काय करायचं ते करा, तिथे आता फक्त गाय अडवायची आहे.

दांडिया बाजारातून

मंडळी, मनापासून आभार. गेल्या आठवड्यात मांडवीला जाऊन आलो, तेव्हा टेप घेऊन सगळं मोजलं. उंटाची वाट पन्नास नव्हे, त्रेचाळीस फुटांवर निघाली, पण साडेचार फुटांत बसतंय. चौदा फूट लांबीचा पडदा, साग. तिथे जहाजं बांधणारे सुतार आहेतच. त्यातल्या एकाला फळ्यांची रीत कागदावर काढून दाखवली, तर तो म्हणाला, साहेब, आधीच विचारलं असतं तर पत्र्याचे पैसे वाचले असते. स्क्रू इथून वडोदऱ्याहून नेणार, ३१६ चे, बिल हिला न दाखवता.

हद्दीवर गावातल्या सगळ्यांसारखी गांडो बावळच्या (वेड्या बाभळीच्या) काट्यांची वाड. कोयनेलची सहा रोपं प्रयोग म्हणून लावतोय. पाणी घालायला शेजारी तयार झाला, पत्र्याचा विषय त्यानेही काढला नाही आणि मीही नाही.

हिची एकच अट आहे. तिच्या खुर्चीच्या डाव्या हाताला, मावळतीकडे, एक फळी कमी ठेवायची. उंट दिसला पाहिजे म्हणते, वरचा माणूस नको.