नानांची भजनं घरी रेकॉर्ड करायला कोणता कॉम्प्युटर घ्यावा?

सी-४०२: नमस्कार सोसायटीकर मंडळी, एक सल्ला हवाय. आमचे नाना आता ७९ वर्षांचे आहेत. भजनी मंडळात ४० वर्षं पेटी घेऊन गातायत. त्यांच्या १२-१५ चाली त्यांनी स्वतः बांधलेल्या, कुठेच लिहून ठेवलेल्या नाहीत. त्या घरीच नीट रेकॉर्ड करायच्यात. दुकानदार म्हणतो संगीताच्या कामाला ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉपच लागतो, १ लाख १० हजार. घेऊ का?

ए-१०१: मोबाइलवर का नाही करत रे? आमची नात करते की.

सी-४०२: करून बघितलं काकू. पेटीचा जोर वाढला की मोबाइल आपोआप सगळंच खाली घेतो, नानांचे शब्द दबतात. एकत्र झालेलं मग वेगळं करता येत नाही.

बी-६०३: दादा, थांबा, पैसे भरू नका. मी रेकॉर्डिंगच्याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आवाज रेकॉर्ड करणं हे कॉम्प्युटरसाठी फार हलकं काम आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर (म्हणजे स्टुडिओसारख्या दर्जावर) एका माइकचा एक मिनिट म्हणजे जेमतेम साडेआठ एमबी. एक माइक गळ्याला, एक पेटीला, असं तासभर चालू ठेवलं तरी १ जीबीच्या आसपास. ग्राफिक्स कार्डाचा इथे काडीचा उपयोग नाही. उलट ते तापतं, पंखा घोंघावतो आणि माइकमध्ये तोच पहिला येतो. भजनात दोन ओळींच्या मधल्या शांततेत तो लख्ख ऐकू येतो, नंतर काढायला गेलं तर पेटीचा सूरही खरवडला जातो.

सी-४०२: मग काय बघायचं?

बी-६०३: मशीन शांत हवं, एसएसडी (न फिरणारी, जलद डिस्क) हवी, आणि अडखळायला नको. रॅम ८ जीबी चालेल, नवीन घेत असाल तर १६ घ्या. गिटार, व्हायोलिन, ढोल सगळं कॉम्प्युटरमधूनच वाजवणाऱ्यांना ३२ लागते, ते वाद्यांचे नमुने रॅममध्ये भरून ठेवतात. नानांची पेटी खरी आहे.

डी-२०५: मॅक मिनी सुचवेन. मी एम-४ वाला ५९,९०० ला घेतला, १६ जीबी. जवळजवळ आवाजच नाही. गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आवाजासाठी वेगळा ड्रायव्हर (उपकरण कॉम्प्युटरशी जुळवणारं छोटं सॉफ्टवेअर) शोधावा लागत नाही.

बी-६०३: उत्तमच आहे. फक्त मॉनिटर, कीबोर्ड वेगळे घ्यावे लागतात आणि रॅम नंतर वाढवता येत नाही. दादा, घरात जुना लॅपटॉप आहे का?

सी-४०२: ताईचा २०१६ चा आहे. आय-५, ४ जीबी, साधी हार्ड डिस्क. सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. आणि त्यावर विंडोज १० आहे, त्याचे अपडेट तर बंद झालेत ना?

बी-६०३: हो, १४ ऑक्टोबर २०२५ ला झाले, आणि विंडोज ११ त्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही. पण रेकॉर्डिंगचं मशीन नेटवर असायची गरजच नाही. वायफाय तसंही बंद करायचं, त्याच्या ड्रायव्हरमुळे कधीकधी आवाजात टक-टक येते. बँकेचं काम त्यावर करू नका, बस. एसएसडी टाका, रॅम ८ करा.

वाचलेले पैसे माइक आणि ऑडिओ इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) घाला. दोन माइक लागतील असा घ्या, स्कार्लेट २आय२ सारखा. त्याचा स्वतःचा एएसआयओ (आवाज कमी उशिरात पोचवणारा) ड्रायव्हर टाका, विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर गायलेलं कानात उशिरा येतं. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा, १२८ ठेवला तर एका दिशेला पावणेतीन मिलिसेकंद लागतात, १०२४ ठेवला तर २१. जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून जास्त. नानांना स्वतःचाच आवाज मागून येतोय असं वाटलं तर ते लय सोडून देतील. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते दाबलं की आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. मग जुना लॅपटॉपही पुरतो.

ए-५०१: ब्लूटूथवाला हेडफोन अजिबात घेऊ नका. माझ्या मुलीच्या रियाजाला घेतला होता. तिचाच आवाज कानात मागून यायचा, लय जुळेचना. पोरगी रडकुंडीला आली, मला वाटलं तिचंच चुकतंय आणि मी तिला बोललेही. वायरवाला लावला, त्याच दिवशी सुरळीत झालं.

बी-६०३: अगदी बरोबर ताई. त्यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात.

डी-२०५: आणि चार्जर लावला की हमिंग येतं का बघा. आमच्याकडे यायचं. प्लग काढला की गप्प.

बी-६०३: अर्थिंगचा घोळ असतो तो. रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा.

सी-४०२: या लॅपटॉपची बॅटरी २० मिनिटंच टिकते.

बी-६०३: नानांचं सर्वात मोठं भजन किती मिनिटांचं?

सी-४०२: ९-१०.

बी-६०३: मग मध्ये चहा आणि चार्जिंग. ७९ व्या वर्षी गळ्यालाही तेवढी उसंत हवीच. माइक डायनॅमिक (जवळचाच आवाज जास्त घेणारा) घ्या, रस्त्याकडची खोली आहे तुमची, कंडेन्सर माइक रिक्षासुद्धा टिपेल. लॅपटॉप माइकच्या पाठीमागे, लांब ठेवा. हे माइक पाठीकडून फार कमी ऐकतात. सॉफ्टवेअर म्हणून रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, पुढे घरगुती लायसन्स ६० डॉलरला. आधी माझा इंटरफेस आणि दोन माइक घेऊन येतो, या रविवारी. ते ऐकून मगच काय विकत घ्यायचं ते ठरवा.

सी-४०२: दादा, खरंच मनापासून आभार. नानांना सांगितलं तर लगेच पेटीचा भाता पुसायला बसले. त्यांचा एकच प्रश्न, दुपारी आपला पाण्याचा पंप चालू असतो त्याचं काय? आमच्या भिंतीला कंप येतो.

चिटणीस: रविवारी पंप सकाळी ११ च्या आत चालवून टाकी भरून घेतो. दुपारी २ ते ४ पंप बंद राहील. सर्वांनी पाणी जपून वापरावं. ४०२ च्या वरच्या-खालच्या मजल्यांना विनंती, त्या वेळेत ड्रिल किंवा मिक्सर लावू नये.

ए-१०१: मी दुपारी दार उघडं ठेवून बसते. ऐकू येईल ना खालपर्यंत?