पिंजरा कोणाकडे आहे?

बी-203 राणे (रात्री 10:52): कोणी जागं आहे का? ओट्याखाली चिकट पॅड ठेवला होता, त्यावर उंदीर अडकलाय. जिवंत आहे. ओरडतोय. हे बाहेरच्या खोलीत जाऊन बसलेत. काय करू?

सी-401 सुमित: पॅडसकट पिशवीत गुंडाळा आणि कचऱ्यात टाका ताई. मी तेच करतो.

ए-102 साने काका: तेच करतोस म्हणजे तो पिशवीत तहानेने तडफडून मरतो रे सुमित. राणेताई, घाबरू नका. आधी त्याच्यावर हलकं फडकं टाका, अंधार झाला की शांत होतो. हातात जाड मोजे, नसतील तर दोन-दोन पिशव्या. चावू शकतो. पॅड खोक्यात ठेवा आणि पायापाशी चमचा चमचा गोडंतेल सोडा. पाण्याने तो गोंद सुटत नाही. नाकातोंडावर तेल जाऊ देऊ नका.

बी-203 राणे: काका, तोंड लांबट आहे. सोंडेसारखं. आणि घाण वास येतोय.

ए-102 साने काका: अहो मग तो उंदीर नव्हेच! चिचुंद्री आहे. तुमची झुरळं खाते बिचारी.

ए-304 जोशी काकू: आमच्या सासूबाई तिला हाकलूसुद्धा द्यायच्या नाहीत. लक्ष्मी म्हणायच्या. वासाची लक्ष्मी 😄

बी-203 राणे (11:31): सुटली. पोटाचे थोडे केस पॅडवरच राहिले. जिन्यामागे कुंड्यांपाशी खोकं आडवं केलं, तर क्षणभर हललीच नाही. मग भिंतीला घासत घासत गेली. अर्धी वाटी शेंगदाणा तेल संपलं.

सी-401 सुमित (सकाळी 7:40): काल रात्रीचं सगळं वाचलं. छान. पण उंदरांनी माझ्या वॉशिंग मशीनची वायर कुरतडली, त्याचं बिल 2,800 आलंय. मी आज औषधाची वडी टाकणार.

ए-102 साने काका: टाक. वडी खाल्ली की आतल्या आत रक्तस्राव होतो आणि मरायला तीन-चार दिवस तरी लागतात. तोवर तो जातो कुठे? डक्टमध्ये, नाहीतर तुझ्याच पीओपीच्या वर. गेल्या वर्षी ए विंगला आठ दिवस कसला वास येत होता ते विसरलास? आणि असा अर्धमेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला की विष त्यांच्याही पोटात.

बी-104 डॉक्टर: मारू नका हे मान्य, पण पोसूही नका. पाऊस आहे, उंदराच्या लघवीतून लेप्टो पसरतो. पार्किंगमधल्या साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नका, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. त्यानंतर ताप आला तर घरी क्रोसिनवर काढू नका. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. ब्लीचिंगचं पाणी शिंपडून थोडा वेळ थांबा, मग मोजे घालून पुसा.

ए-201 वकीलसाहेब: चिकट पॅडबद्दल एक. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध 1960 चा कायदा आहे. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळानेही हे पॅड नकोत असं राज्यांना कळवलेलं आहे. दुकानात सर्रास मिळतात ही गोष्ट वेगळी. पीडीएफ टाकू का?

सेक्रेटरी: नको.

सी-401 सुमित: मग करायचं काय? मागे पिंजऱ्यात धरून नाल्यापलीकडे सोडला होता. दोन दिवसांनी पुन्हा ओट्याखाली खुडबुड.

ए-102 साने काका: तोच होता कशावरून? नावनोंदणी केली होतीस? 😄 अरे, भोक उघडं असेल तर एक सोडलास की दुसरा येणारच. मादी तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्लं देते. मी तीस वर्षं धान्याचं गोदाम सांभाळलंय. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून घरातला छोटा उंदीर आत येतो. गॅसच्या पाइपभोवती, सिंकच्या नळीपाशी, एसीच्या पाइपला बॅटरी मारून बघ. तारेची घासणी दाबून कोंबायची आणि वरून सिमेंट. नुसता फोम किंवा थर्माकोल तो रात्रीत कुरतडतो. हे झालं की मग पिंजरा. सुक्या खोबऱ्याचा तुकडा जरा भाजून लाव. सकाळ-संध्याकाळ बघायचा, नाहीतर आतच मरतो. सोडायचा तो आपल्याच मागच्या गवतात. फार लांब नेलास तर अनोळखी जागी त्याला ना बीळ, ना खाणं.

ए-304 जोशी काकू: आणि डी विंगच्या गच्चीत कबुतरांना रोज ज्वारी कोण टाकतं? उरलेली रात्री कोण खातं?

डी-502: _हा मेसेज डिलीट केला आहे_

सेक्रेटरी: ज्वारी आजपासून बंद. कचऱ्याच्या खोलीच्या दाराखाली पत्र्याची पट्टी लावून घेतो, गवंडी रविवारी येतोय. ज्यांना पाइपची भोकं बुजवायची आहेत त्यांनी फ्लॅट नंबर टाका. सोसायटीचा पिंजरा सध्या कोणाकडे आहे?

बी-203 राणे: 203 घ्या.

सी-401 सुमित: 401. पिंजरा माझ्याकडे नाही.

ए-304 जोशी काकू: माझ्याकडे आहे हो. गेल्या गणपतीपासून. त्यात कांदे ठेवलेत.